मांजरपाटावरचं नाव: मेलमधल्या चित्रात ग्राहकाचं नाव घालावं का?

प्रश्न थोडक्यात असा. जळगावच्या एका ताईंचा घरगुती व्यवसाय आहे: बिबडे (ज्वारीचे पापड), उडदाचे पापड, कुरडया, कळण्याचं पीठ, काळा मसाला. सासूबाईंनी सुरू केलेलं काम आता त्या बघतात. ग्राहक बहुतेक पुण्या-मुंबईला, सुरतेला नोकरीधंद्यासाठी गेलेले खान्देशी लोक, काही परदेशात. मेलचे पत्ते साधारण चार हजार. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी सगळ्यांना मेल पाठवायची आहे. एका एजन्सीनं सुचवलं की मेलमधल्या चित्रात प्रत्येकाचं नाव येईल अशी सोय करून देतो, दर महिन्याला पैसे भरा. ताईंचं म्हणणं: हे करतात कसं, याचा उपयोग होतो का, आणि पैसे वाया तर जाणार नाहीत?

ताई, करण्यासारखं आहे. पण एजन्सीनं दाखवलेल्या नमुन्यासारखं करू नका. त्यात पापडांच्या टोपलीचा फोटो आहे आणि त्यावर सोनेरी अक्षरांत ‘प्रिय सुनंदा, खास तुमच्यासाठी’ असं लिहिलंय. त्या नावाचा त्या टोपलीशी काही संबंध नाही. बघणाऱ्याला लगेच कळतं की नाव वरून चिकटवलंय आणि असंच चार हजार जणांना गेलंय. नाव तिथेच शोभतं जिथे ते खरोखर लिहिलेलं असतं. लग्नपत्रिकेच्या पाकिटावर, स्टीलच्या डब्यावर कोरलेलं, वहीच्या पहिल्या पानावर. किंवा पार्सलवर.

आणि पार्सल तर तुमचा धंदाच आहे. माझी मोठी बहीण लग्न होऊन सुरतेला गेली तेव्हा आई दर उन्हाळ्यात बिबड्यांचा डबा मांजरपाटात शिवायची. दाभण आणि सुतळी घेऊन ओसरीवर बसायची, चारही कडा घट्ट ओढून टाके घालायची. मग वडील निळ्या शाईनं त्यावर नाव लिहायचे. वर बहिणीचं नाव, खाली सुरत, आणि एका कोपऱ्यात लहान अक्षरात ‘अमळनेरहून’. कापडावर शाई थोडी पसरायची, अक्षराच्या कडा फुटायच्या. बहीण म्हणायची, डबा उघडायच्या आधी मी अक्षर बघत बसते. तुमच्या मेलमध्ये मला हे चित्र दिसतं: शिवलेलं मांजरपाटाचं गाठोडं आणि त्यावर ग्राहकाचं नाव. बाकी सजावट काही नको.

या चित्राचा आणखी एक फायदा आहे. नावापुढे काय लावायचं ही मराठीत मोठी अडचण असते. ‘सौ.’ लावावं तर बाईंचं लग्न झालंय की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. ‘ताई’ लावावं तर किरण आणि शीतल हे पुरुषही असतात. नुसतं ‘सुनंदा’ म्हणावं तर साठीच्या बाईंना ते उद्धट वाटतं. पार्सलवर मात्र ‘सुनंदा भोळे, पुणे’ असं नुसतं लिहायची रीतच आहे. त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

आता हे करतात कसं ते सांगतो. मेलमध्ये चित्र जात नाही, चित्राचा पत्ता जातो. ग्राहकानं मेल उघडली की त्याचा फोन त्या पत्त्यावर जाऊन चित्र मागवतो. प्रत्येकाला वेगळा पत्ता पाठवला की प्रत्येकाला वेगळं चित्र दिसतं. एवढीच मेख आहे. यात दोन पद्धती. एकीत मेल उघडली त्या क्षणी सर्व्हर नाव घालून चित्र तयार करतो. एजन्सीवाले विकतात ती ही, आणि महिन्याचं भाडं लागतं ते त्या सर्व्हरचं. दुसरीत सगळी चित्रं आधीच तयार करून ठेवायची. तुमच्यासाठी दुसरीच. हिशोब करा: चार हजार चित्रं, एकेक 120 केबीचं, म्हणजे सगळी मिळून 480 एमबी. एवढी जागा तर आज कोणत्याही साध्या होस्टिंगमध्ये मिळते. एकदा बनवली की झालं. ज्याचं चित्र दर मिनिटाला बदलतं, म्हणजे विमानाचे दर किंवा क्रिकेटचा स्कोअर, त्याला पहिली पद्धत लागते. बिबड्यांना नाही.

तरीही एजन्सीकडेच काम दिलं तर एक गोष्ट नक्की विचारा. चित्राच्या पत्त्यात ग्राहकाचं नाव उघडउघड लिहिलेलं असेल, तर कुणीही तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून नावाच्या जागी हवी ती शिवी लिहू शकतो, आणि तुमच्या गाठोड्यावर ती शिवी असलेलं चित्र तुमच्याच वेबसाइटवरून तयार होऊन मिळतं. मग ते व्हॉट्सॲपवर फिरायला किती वेळ लागणार? पत्त्यात नावाऐवजी लांबलचक, अंदाजानं न सापडणारा क्रमांक असावा. आधीच तयार केलेल्या चित्रांच्या फाइलींनाही तशीच नावं द्या. भोळेंची फाइल ‘भोळे’ या नावानं ठेवली तर तुमची ग्राहकयादी बाहेरच्याला चाळता येते.

इथून पुढे खरं काम आहे, आणि एजन्सीचा नमुना इंग्रजी नावांवर तपासलेला असल्यामुळे ते त्यांच्याही लक्षात आलेलं नसतं. देवनागरी.

2016 साली धुळ्यातल्या एका साडीच्या दुकानासाठी मी दिवाळीची मेल केली होती. पैठणीच्या खोक्यावर ग्राहकाचं नाव. पायथन या संगणकभाषेतली पिलो ही चित्रं काढणारी लायब्ररी वापरून रात्रीत हजारभर चित्रं काढली, पंधरा-वीस उघडून बघितली, आशा, मंगला, कमल अशी नावं होती, सगळं छान. सकाळी मेल गेली. दुपारी दुकानात फोन आला. ‘निखिल’ या नावाचं ‘नखिलि’ झालं होतं. पहिली वेलांटी न सोडून ख वर चढली आणि दुसरी ख सोडून ल वर. ज्योतीच्या नावात ज खाली पाय मोडून वेगळा उभा होता. आणि एका निवृत्त शिक्षिकेचं आडनाव बऱ्हाटे, ते मेलच्या मजकुरात ‘बर्हाटे’ झालं. त्या बाईंनी दुकानाच्या मालकांना सांगितलं की मी चाळीस वर्षं फळ्यावर मुलांना हा अर्धा र गिरवायला लावला, आणि तुम्ही माझंच नाव असं लिहून पाठवता. मी स्वतः जाऊन त्यांची माफी मागून आलो. ती मेल माझ्या कायम लक्षात आहे.

कारण साधं होतं. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टाइप करताना व्यंजनानंतर येते, पण दिसते आधी. जोडाक्षरं टाइप होतात सुटी, दिसतात जोडून. हा मेळ घालण्याचं काम एका वेगळ्या यंत्रणेचं असतं. आपले फोन आणि ब्राउझर ते न सांगता करतात, चित्र काढणारी सगळी साधनं करत नाहीत. पिलोमध्ये त्यासाठी राक्म नावाचा भाग जोडण्याची सोय 2017 मध्ये आली, म्हणजे माझ्या चुकीनंतर. आजही तो भाग बसवलेला नसेल तर पिलो काही तक्रार करत नाही, मुकाट्यानं तुटकी अक्षरं काढून देते. इमेजमॅजिक हे चित्रांचं साधन वापरत असाल तर तिथेही राक्म किंवा पँगो नावाच्या तशाच भागामार्फत अक्षरं काढावी लागतात. फोटोशॉपमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ मांडणी निवडलेली नसेल तर तिथेही तेच होऊ शकतं.

मी आता यातलं काहीच वापरत नाही. एक साधं वेबपान बनवतो, त्यात गाठोड्याचा फोटो आणि त्यावर नाव, आणि क्रोमला न दाखवता मागच्या मागे उघडायला लावून त्याचा स्क्रीनशॉट घेतो. एकामागे एक चार हजार वेळा. ब्राउझरला देवनागरी येते, त्यामुळे वेलांटी जिथल्या तिथे. पानाची भाषा ‘मराठी’ अशी लिहून ठेवा. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात आणि भाषा सांगितली तरच ते उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. शीतल आणि शैला ही नावं बघितली की लगेच कळतं. हातच्या अक्षराचा भास हवा तर ‘कलाम’ हा मोफत फॉन्ट बघा, सरळ ठळक हवा तर ‘मुक्ता’. अक्षर किंचित तिरकं करा, आणि शाई कापडात मुरल्यासारखी दिसावी म्हणून रंग खालच्या फोटोत ‘मल्टिप्लाय’ या मिसळण्याच्या प्रकारानं मिसळा, म्हणजे कापडाचा ताणाबाणा अक्षरातून दिसतो.

बऱ्हाटेंचा घोळ मात्र फॉन्टचा नव्हता. अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, र असतो, दुसऱ्यात साध्या र च्या पायमोडीनंतर एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. यादी साफ करताना आपण ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ असं म्हणतो, त्यात ते चिन्ह उडतं आणि र टुणकन ह च्या डोक्यावर जाऊन रफार होतो. खान्देशात हे चालत नाही. बऱ्हाटे आपल्याकडचे, कुऱ्हा आपल्याकडचं, बऱ्हाणपूर तर शेजारीच. यादी साफ करायच्या आधी त्यातले सगळे अर्धे र नुक्त्याच्या र नं बदलून घ्या, मग बाकीची झाडझूड करा.

तुमच्या यादीतली नावं बहुतेक इंग्रजी अक्षरांत असणार, कारण लोकांनी ती ऑर्डर देताना तशी भरली. ती आपोआप देवनागरीत उतरवणारी साधनं आहेत, आणि ती आपल्या आडनावांवर हमखास अडखळतात. इंग्रजीत ळ नाही. त्यामुळे भोळेंचं ‘भोले’ होतं, माळींचं ‘माली’, काळेंचं ‘काले’, वळवींचं ‘वलवी’. ऱ्हस्व-दीर्घ आणि त-ट यांतला फरक कळत नाही म्हणून लताची ‘लाटा’ होते. मी असं करतो: यादीतली आडनावं वेगळी काढून एकेकदाच लिहितो. चार हजार ग्राहकांत वेगळी आडनावं काहीशेच निघतात. पाटील, चौधरी, महाजन, सोनवणे, बोरसे हीच पुन्हा पुन्हा येतात. ती यादी सासूबाईंसमोर ठेवा. दोन दुपारी लागतील, पण कोणतं आडनाव ‘झांबरे’ आणि कोणतं ‘जांभरे’ हे त्यांना जितकं कळेल तितकं कोणत्याही संगणकाला कळणार नाही. जिथे त्यांनाही खात्री नाही, तिथे नाव घालू नका. नावाच्या रकान्यात लोक मोबाइल नंबर लिहितात, ‘आई’ लिहितात, सोसायटीचं नाव लिहितात. अशा सगळ्यांसाठी एक बिननावाचं गाठोडं तयार ठेवा, ज्यावर फक्त ‘जळगावहून’ लिहिलंय. ते चित्रही तितकंच देखणं असलं पाहिजे, कारण कदाचित हजारभर लोकांना तेच जाणार आहे.

आता माझ्या मनातली गोष्ट सांगतो. नावापेक्षा गाव घ्या.

आखाजी म्हणजे सासुरवाशिणीनं माहेरी यायचा सण. गौराई, झोके, खापरावरची पुरणपोळी. जिला सुटी मिळत नाही, जी बंगळूरला किंवा दुबईत आहे, तिच्या मेलमध्ये गाठोड्यावर स्वतःचं नाव दिसलं तर ती खूश होईल. पण त्याच गाठोड्याच्या कोपऱ्यात ‘फैजपूरहून’ किंवा ‘शिंदखेड्याहून’ दिसलं तर ती थांबेल. यासाठी तुम्हाला तिचं माहेर माहीत हवं, आणि ते अंदाजानं घ्यायचं नाही. डिलिव्हरीचा पत्ता सासरचा असतो, आडनाव सासरचं असतं. म्हणून विचारा. आधी एक छोटी साधी मेल पाठवा, चित्राशिवाय: ‘आखाजीच्या पार्सलवर तुमच्या माहेरचं नाव लिहायचंय. गाव सांगाल का?’ खान्देशी माणसाला गाव विचारलं आणि त्यानं सांगितलं नाही असं मी पाहिलेलं नाही. लोक गावाबरोबर गल्लीसुद्धा लिहून पाठवतात.

आणि गावं चार हजार नसतात. दोनशेच्या आत निघतील. तेवढ्यांना संगणकाच्या अक्षराची गरजच नाही. गावातला एखादा जुना पेंटर गाठा, ज्यानं दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्यात. मांजरपाटाचे तुकडे द्या, निळी शाई द्या, आणि एकेक गाव लिहून घ्या: यावल, रावेर, चोपडा, पारोळा, एरंडोल, साक्री, दोंडाईचा, शहादा, तळोदा. खिडकीतल्या उजेडात एकाच जागी कॅमेरा ठेवून दोनशे फोटो काढा. खर्च एकदाच होईल, पुढच्या वर्षीही चालेल, आणि ते खरं असेल.

यात एक काळजी घ्या. माहेर, आई, आईच्या हातचं हे शब्द प्रत्येकीला गोड लागतात असं नाही. एका मेलला मला उत्तर आलं होतं, फक्त एका ओळीचं: ‘आई मार्चमध्ये गेली, यंदा हे नको पाठवू.’ तेव्हापासून सणाच्या मेलच्या आधीच्या मेलमध्ये मी एक ओळ घालतो, ‘यंदा आखाजीची मेल नको असेल तर इथे दाबा, बाकीच्या मेल येत राहतील.’ मोजकेच लोक दाबतात. त्या मोजक्यांसाठी ती ओळ हवीच.

चित्र दिसलंच नाही तर? बऱ्याच कार्यालयांत आउटलुक असतं आणि ते परवानगी दिल्याशिवाय चित्र उघडत नाही. म्हणून मेलचा सगळा मतलब चित्रात कोंबू नका. भाव, वजन, ऑर्डरचं बटण, फोन नंबर हे सगळं साध्या मजकुरात. चित्राच्या जागी दिसणारा पर्यायी मजकूर रिकामा सोडू नका, त्यात ‘सुनंदा भोळे यांच्यासाठी, फैजपूरहून: यंदाचे बिबडे वाळून तयार आहेत’ असं लिहा. चित्र बंद असलं तरी नाव आणि गाव पोहोचतं. अंध ग्राहकांचे फोन तोच मजकूर वाचून दाखवतात. चित्र 1200 पिक्सेल रुंदीचं बनवून मेलमध्ये 600 वर दाखवा म्हणजे फोनवर अक्षर फाटत नाही. जेपीजी वापरा. पारदर्शक पार्श्वभूमीवर निळी शाई ठेवली तर डार्क मोडमध्ये ती दिसतच नाही. चित्र मेलच्या कोडमध्येच भरून पाठवू नका. जीमेल असं चित्र दाखवत नाही, आणि मेलचा कोड 102 केबीच्या वर गेला की जीमेल ती मध्येच कापतं.

‘आता फक्त 12 पाकिटं उरली’ असा हलता आकडा चित्रात घालण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. घालू नका. जीमेल 2013 च्या अखेरीपासून सगळी चित्रं आधी स्वतःच्या सर्व्हरवर आणून मग दाखवतं, त्यामुळे जुनाच आकडा दिसत राहू शकतो. ॲपलचं मेल ॲप तर सप्टेंबर 2021 पासून, त्यातली गोपनीयतेची सोय चालू असली तर, ग्राहकानं मेल उघडायच्या आधीच चित्रं उतरवून ठेवतं. सकाळचा आकडा संध्याकाळी दिसतो आणि तुम्ही खोट्या ठरता. याचाच दुसरा परिणाम असा की ‘इतक्या टक्के लोकांनी मेल उघडली’ हा एजन्सीचा आकडा फुगलेला असतो. तो ऐकूनच घेऊ नका. ऑर्डरी मोजा.

उपयोग झाला की नाही हे बघायचं तर ज्यांचं गाव कळलंय त्यांच्या यादीचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन सारखे भाग करा. अ ते न आणि प ते ज्ञ असे नकोत, नाहीतर सगळे पाटील एकीकडे जातात. एका भागाला गाव असलेलं गाठोडं, दुसऱ्या भागाला बिननावाचं. एकीकडून 40 आणि दुसरीकडून 46 ऑर्डरी आल्या तर त्यातून काही सिद्ध होत नाही, एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. 40 आणि 70 असा फरक दिसला तर चित्रानं काम केलं असं समजायला हरकत नाही. एका सणावर निकाल लावू नका, श्रावणात कानबाईच्या वेळी पुन्हा करून बघा.

संमतीचं थोडक्यात. पार्सल पोहोचवायला दिलेला पत्ता जाहिरातीला वापरायचा तर तसं विचारलेलं असावं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच तो आहे. माहेरचं गाव विचारताना ते कशासाठी हवंय हे त्याच मेलमध्ये लिहा आणि दुसऱ्या कशाला वापरू नका.

शेवटी पाठवणी. इतकी मोठी यादी तुम्ही पहिल्यांदाच पाठवताय, त्यामुळे एका दमात चार हजार सोडू नका. जीमेल आणि याहूनं फेब्रुवारी 2024 पासून नियम कडक केलेत. तुमच्या डोमेनवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावर, एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडून आली हे पटवणाऱ्या तीन नोंदी) लावलेलं असावं आणि यादीतून नाव काढायची सोय एका क्लिकची हवी. नुसत्या जीमेलच्या फुकट पत्त्यावरून तर मुळीच पाठवू नका. आखाजीला पार्सल हातात पडायचं म्हणजे देशातल्या लोकांना किमान पंधरा दिवस आधी मेल गेली पाहिजे, परदेशातल्यांना महिनाभर. पहिल्या दिवशी दोनशे, मग पाचशे, असं वाढवत न्या. त्या पहिल्या दोनशेंत मुद्दाम अवघड नावं घ्या: निखिल, ज्योती, त्र्यंबक, कृष्णा, शीतल, वळवी, झांबरे. पाठवायच्या आदल्या रात्री ती चित्रं स्वतःच्या फोनवर उघडून बघा, आणि यादीत बऱ्हाटे असतील तर त्यांचं सगळ्यात आधी.